गैरहजेरीचा शेरा

तलासरीहून पूर्वेला, दादरा-नगर हवेलीच्या हद्दीकडे निघालेला रस्ता उधव्याला जातो. मी त्या रस्त्याने पहिल्यांदा गेले ती एका मुलाच्या शोधात. नव्वदच्या दशकातली गोष्ट. किनारपट्टीवरच्या एका शाळेत तेव्हा मी नववी-दहावीला मराठी आणि इतिहास शिकवत होते. उधव्याच्या बाजूच्या एका पाड्यावरचा वारली मुलगा वसतिगृहात राहून आमच्याकडे नववीत शिकत होता. गणितात चांगला, बोलायला कमी.

भाद्रपदात एकदा त्याचे वडील भेटायला आले. लंगोटी नव्हती, अर्धी चड्डी आणि सदरा होता. पाय चिखलाने भरलेले. फडक्यात काकड्या बांधून आणल्या होत्या. मुलांनी विचारले, "कोण रे?" तो म्हणाला, "गावचा माणूस आहे." वडील चार पावलांवर उभे होते. त्यांनी ऐकले, मीही ऐकले. त्यांनी काकड्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या, माझ्याकडे पाहून हात जोडले आणि एसटी गाठायला निघून गेले.

पंधरा दिवसांनी मुलगा शाळेत यायचा बंद झाला. मी हजेरीपटावर रोज 'गै' लिहीत गेले आणि महिन्याअखेर शेऱ्याच्या रकान्यात लिहिले : पालक उदासीन. हे लिहायला अर्धे मिनिट लागले असेल. असे शेरे आम्ही सगळेच लिहायचो, ते तयारच असायचे.

दिवाळीनंतर गेले तेव्हा कळले ते असे. थोरल्या भावाचे लग्न ठरले होते. लग्नासाठी त्याने तांडेलाकडून उचल घेतली होती आणि ती फेडायला तो मोसमभर खलाशी म्हणून पोरबंदरच्या बोटीवर गेला होता. वडिलांच्या पायात काटा मोडून पू झालेला. हळवा भात कापणीला आला होता आणि कापायला घरात दुसरे कोणी नव्हते. म्हणून धाकटा राहिला. त्याने शाळेला का कळवले नाही, हे मी त्याला विचारले नाही. कळवले असते तर उचलीची गोष्ट वर्गात आली असती, एवढे मला तोवर समजले होते. बापाला गावचा माणूस म्हणणारा आणि त्याच बापाच्या भातासाठी नववी सोडणारा मुलगा एकच होता. पुढची कित्येक वर्षे मी या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहत आले. हा लेख त्यातून निघाला आहे. विषय एका मुलाचा नाही. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात किशोरवयाच्या मुलामुलींपुढे जे पेच उभे राहिले, ते उभे कोणी केले आणि त्यांची नोंद कोणत्या शब्दांत झाली, हा विषय आहे.

'उचल' या शब्दाच्या आधी या भागात दुसरा शब्द होता : लग्नगडी. वारली तरुणाला लग्न करायचे तर देज हवे, ताडी-दारू हवी, जातभाईंना जेवण हवे. हातात रोकड नाही, जमीन सावकाराकडे गेलेली. मग तो जमीनदाराकडून कर्ज घेई आणि फेडीपोटी त्याच्याकडे गडी म्हणून राही. नुसता तो नाही, लग्न होऊन आलेली बायकोही. हिशेब जमीनदाराच्या वहीत, वाचणारा जमीनदारच. कर्ज वर्षानुवर्षे फिटत नसे. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. त्या काळात सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे प्रांतातल्या आदिवासी भागांची पाहणी सोपवण्यात आली आणि त्याचा अहवाल १९३९ साली प्रसिद्ध झाला. वेठ, मारहाण, लग्नासाठी घेतलेल्या कर्जातून आलेली गुलामी, स्त्रियांवरचे अत्याचार हे सगळे त्यात सरकारी इंग्रजीत लिहिलेले आहे. जंगलचा ठेकेदार आणि गवताचा व्यापारी मजुरी कशी बुडवतो, तेही आहे.

या व्यवस्थेत किशोरवय नावाची अवस्थाच नव्हती, हे मला महत्त्वाचे वाटते. मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की ढोरांमागे, चौदा-पंधराचा झाला की गवत कापायला, लग्नाचा झाला की गडी. आणि चाळिशीला आला तरी मालकाच्या तोंडी 'पोऱ्या'. मराठीत घरगड्याला वय न पाहता पोऱ्या म्हणण्याची रीत आहे, ती उगाच नाही. ज्याला कामासाठी लहानपणीच मोठे केले जाते, त्याला मानासाठी मरेपर्यंत लहान ठेवले जाते. "ही माणसे भोळी, उद्याचा विचार नाही, लग्नासाठी स्वतःला विकतात," असे किनाऱ्यावरच्या आमच्या घरांतून सर्रास बोलले जाई. हे बोलणारे आपल्या मुलीच्या लग्नासाठी शेत गहाण टाकत होते, ही बाब त्यांच्या ध्यानात येत नसे. आमच्या कर्जाला अब्रू म्हणत, त्यांच्या कर्जाला अडाणीपणा.

१९४५ हे वर्ष या भागाच्या इतिहासात दोन कारणांनी मोठे आहे आणि ती दोन्ही कारणे सहसा एका लेखात येत नाहीत. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे झरीचे माह्या धांगडा गेले आणि आपल्या लोकांची कहाणी सांगून आले. २३ मे रोजी झरीला वारल्यांची पहिली मोठी परिषद भरली. हजारो माणसे पायी आली. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते. शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथे होते. ठरले ते सोपे होते : वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचे नाही, मजुरी घेतल्याशिवाय काम नाही, आणि कोणी मारले तर एकट्याने सोसायचे नाही. सोपे म्हणजे सांगायला सोपे. पावसाळ्यानंतर गवताच्या कापणीचा संप झाला. पाचशे रत्तल गवताला अडीच रुपये ही मागणी होती. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. त्या भागात हा दिवस अजून पाळला जातो. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० साली आले, १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी ते वाचले असेल.

मी ते दुसऱ्यांदा वाचले तेव्हा एक प्रश्न घेऊन वाचले : या संपात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे काय? ज्याचा बाप लग्नगडी आहे, त्याने कामावर जायचे नाही म्हटले तर पहिला मार बापाला. गेला तर पाड्याचा ठराव मोडला. बापाचे कर्ज हे खरेच घेतलेले कर्ज आहे, जेवण पाड्याने जेवलेले आहे. दिलेला शब्द मोडायचा का? वारली समाजात शब्दाला किंमत आहे आणि जमीनदाराची सारी वसुली याच किमतीवर चालत होती. प्रामाणिकपणाचा फायदा अप्रामाणिक माणसाने घ्यायचा, हा त्या व्यवस्थेचा पाया. तेव्हा "काम करणार नाही" असे म्हणणे त्या मुलाला आधी पाप वाटले असेल आणि नंतर हक्क. संप पगाराचा होता, पण त्याआधी तो पाप कशाला म्हणायचे याचा होता, असे माझे मत झाले आहे.

त्याच वर्षी, झरीहून पायी दिवसाभरात गाठता येईल अशा बोर्डीला ताराबाई मोडक आल्या. बरोबर अनुताई वाघ. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम करून आलेल्या. अनुताई पस्तिशीच्या. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. ज्या वयात त्या बालविधवा ठरल्या, त्याच्या थोड्या पुढच्या वयात वारली मुलगा लग्नगडी ठरत होता. दोघांनाही लग्नाने एक नाव दिले आणि ते नाव ठेवणारे दुसरेच होते. अनुताईंनी शिकून ते नाव पुसले. या ओळखीचा त्यांच्या पुढच्या कामाशी संबंध असावा असे मला वाटते. माझ्याकडे पुरावा नाही, त्यांचे काम पाहून वाटते एवढेच.

बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. बालवाडी उघडली, दारे सर्वांना खुली. पण हरिजनवाड्यातली मुले येईनात. तेव्हा प्रांतभर सगळ्या शाळा अशा वेळी जे लिहीत, ते लिहून मोकळे होता आले असते : आवड नाही. ताराबाईंनी उलटे केले. मुले येत नाहीत तर आपण त्यांच्या अंगणात जाऊ. तिथून अंगणवाडी हा शब्द निघाला. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली आणि पुढे हा शब्द देशभर गेला. आज दिल्लीतला अधिकारीही तो वापरतो आणि तो बोर्डीच्या वाड्यात जन्मला हे बहुधा त्याला ठाऊक नसते.

१९५७ च्या सुमारास काम कोसबादच्या टेकडीवर गेले, वारल्यांच्या जवळ. तिथे प्रश्न आणखी कठीण झाला, कारण इथली मोठी मुले मोकळी नव्हतीच. मुलगे गुरांमागे रानात. शाळेत बसवले तर गुरे कोण राखणार? एखाद्याचे गुरू दुसऱ्याच्या शेतात शिरले तर दंड बापाला. यावरचा उपाय म्हणजे कुरणशाळा. गुरे चरत असताना शिक्षक तिकडे गेला, झाडाखाली बसला. कोणी अक्षरे गिरवावीत, कोणी गुरे वळवावीत, मग अदलाबदल. फळा वाहून न्यावा लागे. आज एखाद्या पाहुण्याला हे चित्र फार रम्य वाटते. मला त्यात रम्य काही दिसत नाही. मला त्यात एक कबुली दिसते. गुरे राखणे हे मुलाचे खरे काम आहे, त्याच्या घराने त्याच्यावर टाकलेली जबाबदारी आहे आणि ती टाकून शाळेत ये असे सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही, ही ती कबुली. कुरणशाळेत मुलाला बाप की अक्षर अशी निवड करावी लागत नव्हती.

मुलींचा पेच वेगळा. दहा-बारा वर्षांची मुलगी म्हणजे घरातली दुसरी आई. आई गवताला किंवा लावणीला, धाकटे भावंड हिच्या कडेवर. प्राथमिक शाळेत कडेवरचे मूल घेऊन बसू देत नसत. ते रडे, घाण करी, वर्ग हसे. म्हणून मुलगी येत नसे आणि शेरा ठरलेला : मुलींना शिकवायला पालक तयार नाहीत. कोसबादला विकासवाडी निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. मुलगी सकाळी भावंडाला घेऊन आली की तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि ती वर्गात. मधल्या सुट्टीत भावंडाला बघून यायची मुभा. हे वाचताना वाटते, यात काय मोठेसे? मोठे हे की कोणीतरी त्या मुलीला आधी विचारले असावे, "तू का येत नाहीस?" आणि तिचे उत्तर खरे धरले.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. कोसबादचे नाव झाले. कुरणशाळा मात्र अंगणवाडीसारखी सरकारी योजनेत गेली नाही. तिला इमारत नव्हती, उद्‌घाटन करता येत नव्हते, तपासनीसाला ती सापडत नसे. आश्रमशाळा गेल्या, आणि त्या जायलाच हव्या होत्या. निवासी शाळांनी या भागातली पहिली शिकलेली पिढी घडवली हे नाकारण्यात अर्थ नाही. आदिवासी सेवा मंडळ १९४० पासून, पुढे सरकारी आश्रमशाळा. पण आश्रमशाळेचा आणि वसतिगृहाचा विचार कुरणशाळेच्या नेमका उलट आहे. मूल घरातून उचलायचे, तेव्हा ते शिकेल. त्यात न बोललेले गृहीत असे की घर हीच अडचण आहे. मूल हे गृहीत फार लवकर शिकते. बापाला गावचा माणूस म्हणणे हा त्या अभ्यासक्रमाचाच एक धडा होता आणि माझ्या विद्यार्थ्याने तो नीट पाठ केला होता.

शिकवणारी मीच. त्याच्या निबंधातल्या वारली शब्दांखाली मी लाल शाईने रेघा ओढत असे. एकदा एक वाक्य वर्गाला वाचून दाखवले होते. सूर हसू येईल असा होता, आणि वर्ग हसला. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात वारलीची नोंद मराठीच्या कोकणातल्या बोलींत आहे, आमच्या किनाऱ्यावरच्या वाडवळीच्याच रांगेत. मी वाडवळी घरातली. माझी आजी जे बोलायची ते सर्वेक्षणाच्या हिशेबाने वारलीची चुलत बहीण. पण आजीच्या बोलण्याला आम्ही गोडवा म्हणायचो. हा खंड मी पाहिला तेव्हा शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झाले होते.

दुसरीकडे वारल्यांची एक गोष्ट जगाला आवडली. लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, त्यात पालघाट देवी. हे काम सवाशिणींचे. सत्तरच्या दशकात हे चित्र कागदावर आले आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे पुढे आले. पुरुषाने, तेही लग्नाबाहेर, रोज चित्र लिहायचे, हे रीतीला सोडून होते. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज त्या आकृत्या साड्यांवर, हॉटेलांवर आणि शाळांच्या कुंपणभिंतींवर आहेत. माझ्या जुन्या शाळेच्या भिंतीवरही आहेत; मुंबईहून आलेल्या एका रंगाऱ्याने काढल्या. त्या भिंतीआड एखाद्या मुलाच्या तोंडून वारली शब्द गेला तर तो आजही दचकून इकडेतिकडे बघतो.

हा तिरस्कार फक्त किनाऱ्यावरून डोंगराकडे वाहतो असे लिहिले तर लेख सोयीचा होईल, खरा होणार नाही. आदिवासींमध्येही पायऱ्या आहेत. ढोर कोळी आणि कातकरी यांना वारली-कोकणा घरांत खालचे समजत, पाणी वेगळे ठेवत. वसतिगृहाच्या पंगतीत मी हे पाहिले आहे. ज्याला बाहेर "डोंगरातला" म्हणून हिणवले, तो आत कातकरी मुलाच्या शेजारचे पान टाळतो. एका मुलीला मी एकदा रागावले, तर ती शांतपणे म्हणाली, "बाई, तुम्ही तरी आमच्याकडे पाणी पिता का?" मी प्यायले नव्हते. कारण मी 'पाणी उकळलेले नसते' असे स्वतःला सांगत असे.

आता दिवस बदलले आहेत आणि नाहीतही. २०११ च्या जनगणनेत तलासरी तालुक्यात दहापैकी नऊ माणसे अनुसूचित जमातीची होती. २०१४ साली पालघर जिल्हा झाला. मुले दहावी-बारावी होतात, मुली सायकलीवरून शाळेत जातात, वापी-उंबरगावचे कारखाने रोजगार देतात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली. पण दर वर्षी मासेमारीचा मोसम उघडला की उचल घेतलेली पोरे ओखा-पोरबंदर-वेरावळच्या बोटींवर जातात. समुद्रात हद्दीची रेघ दिसत नाही; बोट पलीकडे गेली की पाकिस्तानच्या तुरुंगात. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरची माणसे तिथे वर्षानुवर्षे अडकून पडली आहेत. सोळा-सतराच्या मुलापुढे आजही तोच हिशेब आहे : बारावी करायची की बहिणीच्या लग्नाची उचल अंगावर घ्यायची? आणि आम्ही अजून म्हणतो, शिक्षणाचे महत्त्व कळत नाही. त्याला ते पुरते कळते. त्याला दुसरेही काही कळते, जे आमच्या रकान्यात मावत नाही.

कुरणशाळेला मरून किती दशके झाली, पण तिचा प्रश्न मला अजून योग्य वाटतो. बोटीवर जाणाऱ्या मुलासाठी कुरण कुठे आहे? परीक्षा मोसम संपल्यावर घेता येणार नाही का? उचलीऐवजी लग्नापुरते कर्ज पतपेढी देणार नाही का? शिक्षणखात्यातल्या एका ओळखीच्यांना मी हे विचारले. ते म्हणाले, "बाई, नियमात बसत नाही." बसत नाही हे खरेच आहे. फळा रानात नेणेही १९५७ साली नियमात बसत नव्हते.

त्या मुलाचे नाव मी शेवटी पटावरून काढले नाही, पण तो वर्गात परतलाही नाही. दीड वर्षाने त्याने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचे ठरवले. फॉर्म भरायला वडील बरोबर आले होते. पायाची जखम भरली होती, चाल थोडी लंगडी होती. कारकुनाने विचारले, "हे कोण?" मुलगा काही म्हणायच्या आत मीच म्हटले, "त्याचे वडील." मी मध्ये बोलायला नको होते, हे मला लगेच कळले. तो काय म्हणाला असता, हे त्यामुळे कायमचे राहून गेले. काकड्यांचे दिवस होते, पण या खेपेला त्यांनी काही आणले नव्हते.